दुसरा अल्बम आणि लांबचं रेकॉर्डिंग
बँड लांब कुठेतरी जाऊन रेकॉर्डिंग करतात ते निव्वळ मार्केटिंग, हे मला अजिबात पटत नाही. पहिल्या अल्बमची गाणी कितीतरी वर्षं लाइव्ह वाजवून घोटलेली असतात, दुसऱ्याला वेळ कमी, त्यात टूर आणि मुलाखती चालूच, मग सगळ्यांनी एकत्र बसून नवीन काही वाजवायचं कधी? कॅनडाच्या आर्केड फायर या बँडने निऑन बायबल या अल्बमसाठी (२००७, त्यांचा दुसराच) क्विबेकमधल्या फार्नहॅम या छोट्या गावात चक्क जुनं चर्च घेऊन त्याचा स्टुडिओ केला. तासाच्या भाड्याचं टेन्शन नाही, शिवाय चर्चचा स्वतःचा घुमारा मिळतो तो वेगळाच. पाइप ऑर्गनसाठी मात्र ते मॉन्ट्रियलच्या मोठ्या चर्चमध्ये गेले, त्याच अल्बममधल्या इंटरव्हेन्शन या गाण्यातला तो ऑर्गन हेडफोन लावून ऐकाच, अंगावर काटा येतो!