आरटीएक्स ३०६० वर सायबरपंक २०७७ नीट चालेल का?

मंडळी, मदत हवी आहे. माझं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, रॅम १६ जीबी, मॉनिटर साधा १०८०पी, एसएसडी आहे. सायबरपंक हा गेम, त्याच्या फँटम लिबर्टी या एक्स्पान्शनसकट (जोड-भागासकट), घ्यायचा विचार चाललाय. गेमच्या रेकमेंडेड यादीत आरटीएक्स २०६० सुपर कार्ड दिलंय म्हणजे कार्ड बसतंय, पण ते रे ट्रेसिंग (प्रकाश नि प्रतिबिंबं खरी वाटावीत म्हणून असलेलं सेटिंग) बंद ठेवून, आणि मला तर पावसात ओल्या रस्त्यावर निऑन पाट्या चमकताना बघायच्यात, नाहीतर काय मजा! डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) क्वालिटीवर ठेवून रे ट्रेसिंगमधलं फक्त रिफ्लेक्शन चालू केलं तर ६० एफपीएस (सेकंदाला फ्रेम) टिकतात का, की फँटम लिबर्टीतल्या डॉगटाउन भागाच्या गर्दीत ढेपाळतं? एनव्हिडियाचं फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम तयार करून एफपीएस वाढवणारं) ३० सिरीजला नाही हे माहितीये, पण एएमडीचं एफएसआरवालं लावून कोणी खेळलंय का, माउस जड लागतो का? हेच कार्ड असेल त्यांनी सेटिंग टाका ना प्लीज.