अनुभव धागा : बेटावर पोहण्यासाठी किनारा कसा निवडलात?

धान मळून घरात आले की आमच्या नागभीड भागातील लोक प्रवासाला निघतात, आणि गेल्या दोन हिवाळ्यांत आमच्या एका गावातून चार कुटुंबे अंदमानला जाऊन आली. सेल्युलर जेलचे दर्शन घेतल्यावर प्रत्येक जण स्वराजद्वीप आणि शहीदद्वीप, म्हणजे २०१८ पर्यंत हॅवलॉक आणि नील या नावांनी ओळखली जाणारी बेटे, पाहायला जातो. तेथे मात्र किनारा निवडताना आपली फसगत होते. आपण विहिरीत, बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात) आणि मामा म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात पोहायला शिकलेली माणसे आहोत. सकाळी दिसलेले पाणी संध्याकाळी तेथे नसेल, ही गोष्ट आपल्या मनातच येत नाही. म्हणून हा धागा काढला आहे. आपण कोणत्या किनाऱ्यावर, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वेळी उतरलात, तळ कसा होता आणि काय चुकले, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

आम्ही पौष पौर्णिमेच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास स्वराजद्वीपावर उतरलो. आमचा मुक्काम पूर्वेकडील विजयनगर किनाऱ्यावर होता. पाणी झाडांच्या मुळांपर्यंत आलेले होते, हिरवट निळे आणि इतके स्थिर, की मुले कपड्यांसह उतरायला निघाली. आधी जेवण, मग थोडी विश्रांती आणि उन्हे उतरल्यावर पोहणे, असे आम्ही घरच्या सवयीने ठरवले. चार वाजता आलो तेव्हा समोर पाणीच नव्हते. दूरवर प्रवाळाचे करडे दगड, मध्ये डबकी आणि त्यांत अडकलेल्या होड्या एवढेच दिसत होते. पुढे गेल्यावर पाणी मिळेल या आशेने माझे यजमान चालत राहिले, आणि घोट्याएवढ्या पाण्यात त्यांचा तळपाय प्रवाळावर कापला. जखम लहान होती, पण गावी परतल्यावरही पंधरा दिवस ती भरली नाही. सव्वापाचला सूर्य मावळला आणि तो दिवस गेला. ही बेटे नागपूरपेक्षा सुमारे चौदा रेखांश पूर्वेला असूनही घड्याळ तेच असल्याने तेथे आपल्यापेक्षा बरेच आधी उजाडते आणि आधीच मावळते, हेही आमच्या हिशेबात नव्हते.

नंतर समजले ते असे. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ जातो, आणि दररोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी अधिक चढते आणि अधिक उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते आणि हा फरक कमी होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी तर आपण रोजच पाहतो. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पण तो हिशेब त्या किनाऱ्याचा आहे, अंदमानला तो लागू पडत नाही. तेथील भरतीचा तक्ता पाहूनच वेळ ठरवावी.

चामोर्शी तालुका, निवृत्त ग्रामसेवक

आमच्या भागात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची गावे आहेत आणि माझी उभी नोकरी त्याच गावांत झाली, त्यामुळे कामापुरती बंगाली मला येते. स्वराजद्वीप आणि शहीदद्वीप येथेही तीच वस्ती आहे, हे मला तेथे पोहोचल्यावर कळले. नारळपाणी विकणाऱ्या एका वृद्ध बाईंना मी ‘जोआर’ केव्हा, म्हणजे भरती केव्हा, असे त्यांच्या भाषेत विचारले, तेव्हा त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला आणि दोन्ही दिवसांच्या वेळा बोटांवर मोजून सांगितल्या. कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा ती माहिती मला अधिक उपयोगी पडली.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती वाऱ्याची. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून येतो, म्हणून स्वराजद्वीपावरील पश्चिमेला तोंड करून असलेला राधानगर किनारा त्या दिवसांत शांत असतो. मे महिन्यात वारा फिरू लागला की त्याच किनाऱ्यावर लाटा उभ्या राहतात. अंदमानात पाऊस साधारणपणे मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचतो, आपल्याकडे तेव्हा रोहिणीही लागलेली नसते. म्हणजे शाळेच्या उन्हाळी सुटीत जाणाऱ्याने हवामानाकडे विशेष लक्ष द्यावे.

मगरींविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. खारफुटीच्या खाड्यांतून खाऱ्या पाण्यातील मगरी राहतात. २०१० मध्ये राधानगरजवळ स्नॉर्केलिंग (डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथे तरंगत तळ पाहणे) करणाऱ्या एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. जेथे ओढा किंवा खाडी समुद्राला मिळते तेथे उतरू नये, अंधार पडू लागल्यावर कोठेच उतरू नये, आणि सूचनाफलक असेल तर त्यापुढे वाद घालू नये.

लाखांदूर तालुका, गृहिणी आणि शेतकरी

मी तळ्याकाठी वाढले, पण पाण्यात तोंड बुडवून डोळे उघडण्याचे धाडस मी कधी केले नव्हते. शहीदद्वीपावरील भरतपूर किनारा धक्क्याच्या अगदी जवळ आहे. आम्ही भरतीच्या वेळी गेलो. काठावर वाळू आहे आणि प्रवाळ थोडे आत सुरू होते, त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मास्कचा सराव करता येतो. समुद्राचे पाणी तळ्याच्या पाण्यापेक्षा माणसाला अधिक वर उचलते, हे मला प्रथम पाठीला जाणवले. लाइफ जॅकेट असतानाही मी घाबरून हातपाय मारत होते, आणि सोबतच्या मुलाने ‘काहीच करू नका, मावशी’ एवढेच सांगितले. मी थांबले आणि तरंगू लागले.

त्यानंतर जे ऐकू आले ते आजही कानांत आहे. पाण्याखाली शांतता असेल असे मला वाटले होते, पण तेथे सतत कुटकुट असा आवाज येत होता, जणू चार बाया अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत आहेत. निळ्या-हिरव्या रंगाचा, पोपटासारखी चोच असलेला पोपटमासा प्रवाळाचा दगड चोचीने खरवडून खात होता. खाल्लेला दगड त्याच्या घशातील दातांनी दळला जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. तेथील पांढऱ्या वाळूचा बराच भाग अशा माशांनीच तयार केलेला आहे, असे कळल्यावर मी ती वाळू हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहत राहिले.

बायांनी पूर्ण बाह्यांचा अंगाबरोबरचा सुती कुर्ता किंवा पोहण्याचा पूर्ण पोशाख घालावा. पालथे तरंगताना पाठ उन्हाकडे असते. पाण्याच्या गारव्यात ती भाजते ते समजत नाही आणि रात्री पाठ टेकवत नाही.

दारव्हा तालुका, कापूस उत्पादक

माझा अनुभव मास्कपुरता आहे. स्वराजद्वीपावरील एलिफंट बीचवर होडीने गेलो, पाणी स्वच्छ होते, मासे हातभर अंतरावर होते, आणि माझ्या मास्कमध्ये दर दोन मिनिटांनी पाणी भरत होते. भाड्याने मास्क देणाऱ्याने पट्टा आवळून दिला, त्यामुळे डोके दुखू लागले, पण गळती थांबली नाही. कारण मिशी होती. मास्कची कड मिशीवर बसली की फट राहते. दुसऱ्या दिवशी नाकाखालची बोटभर रुंदीची पट्टी काढली आणि गळती थांबली. मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो आपल्या मापाचा आहे.

आणखी एक विनंती. माझ्यासमोर एक गृहस्थ प्रवाळावर उभे राहून छायाचित्र काढून घेत होते. गोल दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते आणि ते जिवंत असते. २०१० मध्ये पाणी तापल्यामुळे अंदमानातील पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले होते, त्यातून जे सावरले त्यावर आपण पाय ठेवू नये. तुटलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे.

आर्वी तालुका, महाविद्यालयीन विद्यार्थी

राधानगरविषयी थोडी भर घालतो. तेथील तळ स्वच्छ वाळूचा आहे, म्हणून पोहण्यासाठी तो मला सर्वांत उत्तम वाटला. मात्र मासे पाहायला तेथे जाऊ नये, कारण काठाजवळ प्रवाळ जवळपास नाही. मी वर्धा नदीत पोहायला शिकलो आहे. नदीची ओढ एकाच दिशेने असते, आणि आपण तिरपे पोहत काठ गाठतो. मेच्या सुरुवातीला राधानगरला लाटा फुटत होत्या आणि त्यांच्यामध्ये एक पट्टा सपाट, शांत दिसत होता. मी तोच सुरक्षित समजून तेथे उतरलो. किनाऱ्यावर चढलेले पाणी परत जाण्याची ती वाट होती. मी काठाकडे तोंड करून पोहत होतो आणि काठ दूर जात होता. जीवरक्षकाने शिटी वाजवून हात आडवा हलवला, तेव्हा मी किनाऱ्याला समांतर वीस-पंचवीस हात पोहलो आणि ओढ एकाएकी संपली. त्यानंतर जीवरक्षक दिसत नसेल त्या जागी मी पाण्यात उतरलेलो नाही.

मेहकर तालुका, शिक्षक

आम्ही लक्षद्वीपला गेलो होतो. परवाना आधी काढावा लागतो आणि खर्चही अधिक येतो. तेथील बहुतेक बेटांना पश्चिमेकडे उथळ खाजण असते, बाहेरची प्रवाळभिंत लाटा अडवते आणि आतले पाणी तळ्यासारखे राहते. लहान मुलांसाठी मला ते अंदमानपेक्षा सोयीचे वाटले.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. येत्या माघात आम्ही पुन्हा जात आहोत आणि या वेळी तिकिटांच्या आधी भरतीचा तक्ता पाहिला. पौर्णिमेनंतरच्या द्वितीया-तृतीयेला भरती दुपारच्या सुमारास येते, म्हणजे सूर्य माथ्यावर असतानाच प्रवाळावर पुरेसे पाणी मिळेल, म्हणून ते दोन दिवस भरतपूर आणि एलिफंट बीचसाठी ठेवले आहेत. राधानगरला वाळूच असल्यामुळे तेथे उतरत्या पाण्यातही चालेल, म्हणून तेथे तीन वाजता जाऊ. गावच्या तलावात मुलांचा मास्क लावून सराव सुरू झाला आहे. धाकटी नऊ वर्षांची आहे आणि मोठ्यांचा मास्क तिच्या चेहऱ्यावर चिकटत नाही. लहान मापाचा मास्क नागपुरात किंवा चंद्रपुरात कोणी विकत घेतला असल्यास कृपया कळवावे.