मदत हवी आहे : जुनी एमएम ५४० जीप, डिपरवर निळा दिवा मिणमिणतो आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरते

नमस्कार मंडळी,

गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घरी १९८९ ची महिंद्रा एमएम ५४० आहे. प्युजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, १२ व्होल्टचं वायरिंग. बाबांनी घेतलेली गाडी, इंजिन आजही ठणठणीत, तक्रार फक्त लाइटीची. सध्या तुरीत अन् हरभऱ्यात रानडुकरं घुसतात, रोह्यांचे (नीलगायींचे) कळप येतात. रात्री जागलीला हीच गाडी लागते, त्यामुळे थोडी घाई आहे.

पावसाळाभर जीप कोठ्यात उभी होती, शेजारीच कुटार आणि ढेपीची पोती. उंदरांनी जे करायचं ते केलं. डॅशबोर्डखालची काळी टेप सोलली तर एका पिवळ्या वायरचं कव्हर दोन बोटं लांब कुरतडलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं. त्याच्या बाजूला जुने सांधे. कोणीतरी कधीकाळी तीन वेगळ्या रंगांच्या वायरी लाल वायरने जोडून नुसता पीळ दिलेला. मूळ रंगांवरून काही शोधायची सोय राहिलेली नाही.

आता त्रास काय तो सांगतो. डिपरवर (जवळच्या झोतावर) डावा हेडलाइट स्वच्छ, उजवा मात्र पिवळट, मेणबत्तीसारखा. त्याच वेळी मीटरमधला अप्परचा (लांबच्या झोताचा) निळा दिवा मिणमिणतो, अप्पर दिलेला नसताना! उजवा इंडिकेटर दिला की उजवा हेडलाइट त्याच तालावर कमी-जास्त होतो. बल्ब डाव्याचे उजव्याला लावून पाहिले, फरक नाही.

दुसरं म्हणजे बॅटरी. ८० एएचची आहे, नवीच. गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की हीटर देऊन (डिझेल इंजिन आधी तापवून) सेल्फ मारताना नुसता कण्हतो. चार्जिंग बरोबर आहे, इंजिन थोडं रेस केल्यावर बॅटरीवर १४.१ व्होल्ट दिसतात. चावी बंद करून, मायनस टर्मिनल काढून मधे मल्टिमीटर लावला तर ०.४ अँपिअर जातात. या गाडीत ना म्युझिक सिस्टीम, ना घड्याळ, ना कुठलं इलेक्ट्रॉनिक खातं. उभ्या गाडीत जवळजवळ शून्य यायला पाहिजे. एकेक फ्यूज काढत गेलो, आकडा हलत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी वायरिंगवाल्याला दाखवलं. तो म्हणे, "भाऊ, पूर्ण लूम (गाडीच्या वायरींचा अख्खा जुडगा) बदलून टाका, एका दिवसात काम." मला ते पटत नाही. फॉल्ट कुठे आहे ते कळल्याशिवाय लूम बदलला आणि गंज बॉडीच्या अर्थलाच (करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या जोडणीलाच) असला तर नव्या वायरींवरही हाच तमाशा. शिवाय बाजारात मिळणाऱ्या तयार लूममध्ये वायरी बारीक असतात. मूळ लूम जिथे धड आहे तिथे तो राहू द्यावा, कुरतडलेला तेवढाच भाग दुरुस्त करावा अशी इच्छा आहे. कोणत्या क्रमाने शोधावं, ते कोणी अनुभवी माणूस सांगेल काय?

प्रतिसाद (अकोला)

दादा, लूमला हात लावू नका. पहिला त्रास तुमच्या लिहिण्यातच उघड आहे: उजव्या हेडलाइटचा अर्थ गेलाय. या बल्बला तीन पिना, डिपर, अप्पर आणि दोघांचा मिळून एक अर्थ. अर्थ तुटला की डिपरचा करंट परतीची वाट शोधत अप्परच्या फिलॅमेंटमधून उलटा शिरतो, अप्परच्या वायरवरून डाव्या बल्बकडे जाऊन तिथल्या अर्थला मिळतो. त्याच वायरवर निळा दिवा आहे, म्हणून तो मिणमिणतो. इंडिकेटरचाही अर्थ तोच असणार.

खात्री करायची तर डिपर चालू ठेवून मीटरची एक दांडी उजव्या होल्डरच्या अर्थ पिनवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर धरा. ०.२-०.३ व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थ खराब. नुसता टेस्ट लॅम्प लावून यात फसगत होते, कारण त्याला करंट इतका कमी लागतो की गंजलेला अर्थही त्याला पुरतो.

प्रतिसाद (वर्धा)

बॅटरीबद्दल मी सांगतो. सगळे फ्यूज काढूनही ०.४ जातात म्हणजे ते फ्यूजच्या अलीकडेच कुठेतरी चाललेत. अल्टरनेटरची जाड वायर बहुतेक जुन्या गाड्यांत थेट बॅटरीला असते, फ्यूज नसतो. आधी मायनस काढा, मग ती जाड वायर अल्टरनेटरवरून सोडवा, टोकाला टेप गुंडाळा आणि मीटर परत लावा. शून्य आलं तर अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लीक आहे. नाही आलं तर बारीक वायरी, कटआउट (चार्जिंगचा रेग्युलेटर) आणि चावीच्या स्विचकडे वळा. मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जाईल.

एक विचारतो. कोणी चालू गाडीत टर्मिनल उपटून चार्जिंग तपासलं होतं काय? डायनमोच्या काळातली ती सवय आपल्याकडच्या मिस्त्र्यांची अजून सुटलेली नाही. अल्टरनेटरवर तसं केलं की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड जातात.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. उजव्या पिनवर ७.४ व्होल्ट आले! काळी वायर धरत मागे गेलो तर जाळीच्या आतल्या बाजूला एका बोल्टवर लागलेली. मागे गाडी रंगवली तेव्हा लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खालीही रंग गेलेला, वरून गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवा लग लावला, कसून आवळून वरून व्हॅसलीन दिलं. आता ०.१ व्होल्ट. निळा दिवा विझला, दोन्ही हेडलाइट सारखे, आणि बांधावरून पार नाल्यापर्यंत उजेड पोचतो.

जाड वायर सोडवली तसा मीटर ०.०० वर आला, म्हणजे डायोडच. आणि हो, दिवाळीच्या सुमारास एका गॅरेजमध्ये चालू गाडीत टर्मिनल उपटलं होतं, मी समोर उभा होतो. डायोडचं काम होईस्तोवर मायनसला कटऑफ स्विच बसवलाय, रात्री गाडी लावली की बंद करतो.

कुरतडलेली पिवळी वायर तेवढ्याच जाडीच्या नव्या तुकड्याने जोडणार आहे, झाळून आणि वर स्लीव्ह चढवून. आता एकच विचारायचं राहिलं: अल्टरनेटर लुकास-टीव्हीएसचा आहे, त्याची नुसती डायोड प्लेट यवतमाळ किंवा अमरावतीत मिळते काय, की अख्खा अल्टरनेटर रिपेअरवाल्याकडे नेऊन द्यावा लागेल?