मदत हवी आहे: ताणावरच्या संत्रा बगीच्यात ओलाव्याचा सेन्सर चुकीचा आकडा दाखवतोय

नमस्कार मंडळी,

वरुड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. झाडं जंभेरी (एक लिंबूवर्गीय झाड) खुंटावर कलम केलेली, ओलित ठिबकवर. आंबिया बहारासाठी (हिवाळा सरताना येणारा फुलोरा) सध्या ताण दिलाय, म्हणजे झाडं फुलावीत म्हणून पाणी बंद ठेवलंय. ताण कधी तोडायचा, म्हणजे पाणी पुन्हा कधी सोडायचं, हे यंदा सेन्सर बघून ठरवायचं होतं, तिथंच गाडी अडली.

सेन्सर कशाला, असं गावात बरेच जण विचारतात, म्हणून आधी ते सांगतो. बाबा पान बघून ताण तोडतात आणि त्यांची नजर पक्की आहे. पण आमचं वावर एकसारखं नाही. वरचा भाग मुरमाड, नाल्याकडचा भाग खोल काळ्या मातीचा. दोन्हीकडं पाणी एकाच दिवशी सुटतं. मग वरची झाडं ताणानं पानं टाकतात आणि खालच्यांना ताण बसतच नाही, फुलाऐवजी नुसती नवती फुटते. व्हॉल्व्ह दोन आहेत, म्हणजे पाणी वेगवेगळ्या दिवशी सोडता येईल. फक्त दोन्हीकडचा भरवशाचा आकडा हवा.

जोडणी अशी: स्वस्तातले कपॅसिटिव्ह सेन्सर (मातीच्या विद्युत गुणधर्मावरून ओलावा ओळखणारे), आकडे वाचायला ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड, बॅटरीला छोटं सोलर पॅनल. वावरात वायफाय नाही, म्हणून लोरा (कमी विजेत लांबवर निरोप पाठवणारा रेडिओ), ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, त्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. निरोप घरापर्यंत व्यवस्थित येतो, तिथं काही तक्रार नाही. सेन्सरच्या उघड्या कडा इपॉक्सीनं बंद केल्यात. सगळे फूटभर खोल, झाडाच्या घेराखाली, कारण तंतुमुळ्या तिथंच जास्त.

पावसाळ्यात आकडे समजण्यासारखे होते. ताण सुरू होऊन जमीन भेगाळली आणि नाल्याकडचा सेन्सर एका रात्रीत एकदम ‘कोरडं’ दाखवायला लागला. भारी जमीन एका रात्रीत अशी सुकत नाही. सकाळी जाऊन सब्बलीनं खणून पाहिलं. सेन्सरला लागून भेग गेली होती, हात मनगटापर्यंत आत जाईल एवढी. बाजूचं ढेकूळ फोडलं तर आतून गार, मुठीत दाबलं की गोळा होत होता. म्हणजे सेन्सर भेगेतली हवा मोजत होता. मुरमाड भागातला मात्र ठीक चाललाय.

विक्रेत्यानं सांगितलं, हवेत धरून ० टक्के आणि पाण्यात बुडवून १०० टक्के लावा. ते मला पटत नाही. आमच्या मातीत किती पाणी आहे ते त्यावरून कसं कळणार?

भेगाळणाऱ्या जमिनीत सेन्सर कसा पुरावा, की प्रकारच बदलावा? टेन्सिओमीटर (माती पाणी किती जोरानं धरून ठेवते ते मोजणारी पाण्याची नळी) घ्यावा का? ज्यांनी काळ्या मातीत प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. ताण तोडायची वेळ जवळ आली आहे.

प्रतिसाद

भाऊ, निदान तुम्ही बरोबर केलंय. कपॅसिटिव्ह सेन्सर अंगाला चिकटलेल्या थोड्याशा मातीचंच मोजतो. मध्ये हवा आली की आकडा पडतो.

टेन्सिओमीटर ताणाच्या काळात घेऊ नका. तो जोर किलोपास्कलमध्ये मोजतात, आकडा मोठा तितकी माती कोरडी; साधारण ८० किलोपास्कलच्या वर त्यात हवा शिरते आणि तो बंद पडतो. ताणात माती त्याच्या पुढं जाते. ताण तोडल्यावर पाणी नियमित सुरू झालं की तो चांगला. ताणासाठी जिप्सम ब्लॉक किंवा वॉटरमार्कसारखा सेन्सर बघा (मातीतलं पाणी शोषून विजेच्या रोधावरून तोच जोर सांगणारा), तो २०० किलोपास्कलपर्यंत चालतो. त्याला सलग डीसी (एकाच दिशेची वीज) देऊ नका, दोन पिनांवरून ध्रुव उलटसुलट करत मोजा, नाहीतर रीडिंग सरकत जातं. पुरण्याआधी भिजवून, त्याच खड्ड्यातल्या मातीच्या गाऱ्यात बसवा. आणि हे काम जमीन ओली असतानाच करायचं. भेगा पडल्यावर पुरला तर तीच रड.

यंदासाठी सोपा उपाय: नाल्याकडं दोन ठिकाणी फूटभर खोलीची माती काढा, लगेच वजन करा, १०५ अंशावर २४ तास ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वजन करा. फरक म्हणजे पाणी. मुरमाड भागातही तेच करा, म्हणजे तिथल्या सेन्सरचा आकडा खऱ्या ओलाव्याशी जोडता येईल. दोन्ही भागांची तुलना टक्क्यांनी मात्र करू नका. काळी माती जास्त पाणी धरते, पण त्यातलं बरंचसं झाडाला ओढताच येत नाही.

यंदा पानावरच ताण तोडा, बाबांना विचारून. फक्त वरचा व्हॉल्व्ह आधी उघडा.

धागाकर्ता

मनापासून आभार. वरचा व्हॉल्व्ह आधी, हे बाबांनाही पटलं. ओव्हनसाठी माती परीक्षण प्रयोगशाळेत विचारतो. जिप्सम ब्लॉक पुढच्या पावसाळ्यात ओल असतानाच पुरीन. आता एकच विचारायचं राहिलं: संत्र्यावर ब्लॉक वापरलेल्या कुणी ताण तोडताना किती किलोपास्कल धरले, आणि जमीन कोणती होती? दोन्ही सोबत लिहाल तर फार उपयोग होईल.