डिपर मध्येच जातोय, पार्किंग लाईट मात्र चालू! स्विच गेलाय की वायरिंग?

निपाणीकर_७१:
नमस्कार मंडळी. जुनी पेट्रोल गाडी आहे, एच४ बल्बवाली (एकाच बल्बमध्ये लांबचा उजेड अप्पर आणि जवळचा डिपर). हल्ली रात्री लाईट लावली की थोडा वेळ बरोबर चालते आणि मग दोन्ही बाजूचा डिपर एकदमच जातो, पार्किंग आणि मीटरची लाईट चालूच राहते. स्टेअरिंगजवळची काडी ओढून धरली की अप्पर लागतो, काडी जरा हलवली की डिपर परत येतो. फ्यूज बघितले, चांगले आहेत. एक म्हणतोय बल्ब बदला, दुसरा म्हणतोय अख्खं वायरिंग नवीन करा. उसाचा सीझन चालू आहे, चिकोडी रोडला ट्रॉल्यांना मागं लाईट सोडा, रिफ्लेक्टरसुद्धा नसतोय, तिथं मध्येच अंधार झाला तर? कुठनं सुरुवात करू सांगा की.

खानापूर_रोड:
दोन्ही बाजूचे बल्ब एकाच वेळी जाऊन परत एकाच वेळी येत नाहीत हो, त्यामुळं बल्बवर खर्च करू नका. एकच बाजू गेली असती तर बल्ब, त्या बाजूचा फ्यूज नाहीतर अर्थिंग बघायचं. आमच्याकडं पावसाळ्यात होल्डरमध्ये पाणी जाऊन पिना हिरव्या पडतात, तेही एकदा उघडून बघा.

उद्यमबाग_इलेक्ट्रिक:
काडी हलवल्यावर येतोय म्हणजे कॉम्बिनेशन स्विचच्या, म्हणजे त्या काडीच्या स्विचच्या, आतला डिपरचा पॉईंट (करंट जोडणारा धातूचा ठिपका) जळलाय, माझा संशय तिथंच. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच) नसतोय, सगळा करंट स्विचमधनंच जातो. एच४ चा डिपर ५५ वॅट, दोन्ही मिळून ११० वॅट, म्हणजे ९ अँपिअरच्या आसपास, आणि तो तासन् तास. पॉईंट काळा पडला की तिथं रेझिस्टन्स वाढतो, मग गरम होतो, गरम झाला की अजून जळतो. म्हणूनच तुमचा थोडा वेळ चालून जातोय. लाईट चालू ठेवून स्टेअरिंगखालच्या कव्हरला हात लावा, गरम लागलं किंवा प्लास्टिक जळल्याचा वास आला तर गाडी रात्री काढूच नका.

खात्री करायची तर मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, डिपर चालू, होल्डर बल्बला तसाच लावलेला ठेवून मागच्या बाजूनं डिपरची पिन आणि कॉमन पिन (अप्पर-डिपर दोघांची मिळून एक) यांच्यामध्ये व्होल्टेज बघा, मग बॅटरीवर बघा. मीटरची एक वायर बॉडीला लावून बघू नका, कारण काही गाड्यांत स्विच निगेटिव्ह बाजूला असतोय आणि मग रीडिंग फसवतं. अर्धा व्होल्ट फरक चालतोय, दोन-तीन व्होल्ट असला तर वाटेत कुठंतरी खातंय. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो, म्हणून पिवळट दिसायला लागतं.

आणि कृपा करून मोठा फ्यूज घालू नका, १०० वॅटचे बल्ब तर नकोच. होल्डर वितळलेले रोज बघतोय मी.

निपाणीकर_७१:
बघितलं साहेब. बॅटरीवर १३.९, होल्डरवर ११.२, आणि कव्हर चांगलंच गरम होतंय. स्विच उघडून साफ केला तर चालेल काय?

उद्यमबाग_इलेक्ट्रिक:
पॉलिश पेपर मारून काही दिवस चालतो, पण वरचा थर निघून गेला की लवकर परत जळतो. नवीनच घाला आणि सोबत अप्पर-डिपरला वेगवेगळे दोन रिले बसवून घ्या, मेन वायर बॅटरीवरनं फ्यूज घालून थेट आणायची, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. मग स्विचवर फक्त रिलेच्या कॉईलचा किरकोळ करंट राहतोय. तुमचा स्विच निगेटिव्हला आहे का ते आधी बघायला सांगा, त्याप्रमाणे कॉईलची जोडणी बदलते. स्टेअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर बॅटरी काढून थोडं थांबूनच हात घालायचा, तिथं घरगुती प्रयोग नको.

खानापूर_रोड:
रिले बसवल्यावर लाईटचा अँगलही बघून घ्या हो. उजेड वाढतोय, आणि तो वर राहिला तर समोरच्याला काहीच दिसत नाही.