प्रतिसाद: ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ ही निव्वळ करमणूक नव्हे

हा अमेरिकन संगीतपट म्हणजे १९३०च्या दशकातल्या महामंदीत होरपळलेल्या प्रेक्षकांना दोन घटका सारे विसरायला लावणारी करमणूक होती, हे इथे मांडले गेलेले मत मला अपुरे वाटते. सुरुवातीलाच नाण्यांचे पोशाख ल्यालेल्या नर्तकी पैशाच्या सुकाळाचे गाणे गातात आणि ती तालीम पुरी होण्याआधीच, निर्मात्याची देणी थकल्यामुळे, जप्तीची माणसे रंगमंचावर शिरून पडद्यांपासून पोशाखांपर्यंत सारे उचलू लागतात. पुढे त्याच मुलींपैकी एक शेजाऱ्याच्या खिडकीतली दुधाची बाटली चिमट्याने लांबवते. प्रेमकथा बेताचीच आहे, पण शेवट विसरता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात कवायती बसवलेल्या नृत्यदिग्दर्शक बस्बी बर्कलीने इथे, शेवटच्या गाण्यात, ऐटीत निघालेले सैनिक, मग रक्ताळलेले जखमी आणि मग अन्नासाठी रांगेत ताटकळणारे तेच पुरुष, असा क्रम लावला आहे. दिव्याच्या खांबाशी उभी अभिनेत्री जोन ब्लाँडेल त्यांची कैफियत मांडते. ही कैफियत तेव्हा ताजी होती: वॉशिंग्टनमध्ये महायुद्धातल्या सेवेबद्दल हक्काचा भत्ता मागणाऱ्या माजी सैनिकांना लष्कराने हुसकावून लावले ते जुलै १९३२ मध्ये, म्हणजे हा चित्रपट झळकला तेव्हा त्या घटनेला वर्षही उलटले नव्हते.