शब्दचर्चा: प्रेरण, दमन, अवरोध

प्रश्न: जपानी साके, सोया सॉस बनवायला वापरतात त्या कोजी बुरशीवरच्या, म्हणजे ॲस्परजिलस ओरायझीवरच्या लेखाचा अनुवाद करतेय. जीन इंडक्शनला, म्हणजे जनुक चालू होण्याला, ‘प्रवर्तन’ लिहिलं, तर संपादक म्हणतात हा विजेचा शब्द आहे. आणि रिप्रेशन, इन्हिबिशन या दोन्हींना ‘अवरोध’ चालेल का?

— दुसऱ्याचं आधी सांगतो: नाही चालणार. ग्लुकोज मुबलक असलं की क्रीए नावाचं प्रथिन अमायलेजच्या, म्हणजे पिष्ट (स्टार्च) तोडणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या), जनुकाआधीच्या डीएनएवर बसतं आणि त्या जनुकाचं वाचन मंदावतं. नवं विकर फारसं बनतच नाही, हे दमन, म्हणजे रिप्रेशन. आधी बाहेर पडलेलं विकर मात्र भातातलं पिष्ट तोडत राहतं. तयार विकराचंच काम एखाद्या रसायनाने रोखलं तर तो अवरोध, म्हणजे इन्हिबिशन. मधुमेहावरची अकार्बोज गोळी हेच करते, जनुकाच्या वाटेला जात नाही. दोन्हींना एकच शब्द दिलात तर वाचकाला वाटेल ग्लुकोज अमायलेजला चिकटतं.

— ‘प्रवर्तन’ विजेचा म्हणून टाकू नका, ते कारण पोकळ आहे. खरी अडचण अशी की प्रमोटरला (जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं त्या डीएनएच्या भागाला) ‘प्रवर्तक’ लिहितात, मग इंड्यूसरला, म्हणजे इंडक्शन घडवणाऱ्या रेणूला, काय म्हणणार? प्रेरण, प्रेरक घ्या.

— सहमत. पण मग प्रेरक कोण तेही नीट लिहा. ‘पिष्टामुळे प्रेरण’ हे ढोबळ झालं. पिष्टाचा रेणू एवढा मोठा की पेशीत शिरूच शकत नाही. बुरशी थोडंसं विकर आधीपासूनच सोडत असते, त्याने पिष्टातून माल्टोज ही छोटी साखर सुटते. काही माल्टोजचं आयसोमाल्टोज, म्हणजे जोडणी वेगळी असलेली तशीच साखर, होतं, आणि ॲस्परजिलस निड्युलन्स या कोजीच्या भाऊबंद बुरशीत तेच सर्वांत प्रभावी प्रेरक ठरलंय. आयसोमाल्टोजमुळे अमायआर हे नियामक प्रथिन केंद्रकात जाऊन अमायलेज, ग्लुकोअमायलेज वगैरेंची जनुकं चालू करतं. कोजीत माल्टोज आत घेणारं वाहक प्रथिनही लागतं, त्याच्या जनुकाचा नियामक वेगळा, मालआर.

— अवांतर: याच बुरशीपासून जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी ताकाडायस्टेज हे पिष्ट पचवणारं विकर-मिश्रण काढलं, अमेरिकी पेटंट 1894 चं. नावातलं ‘ताका’ त्यांच्या आडनावातलं. आपल्या ताकाशी संबंध नाही, कुणीतरी विचारणारच म्हणून सांगितलं.

प्रश्नकर्ती: मग प्रेरण, दमन, अवरोध ठेवते. एन्झाइमला ‘विकर’च ना?

— हो, शाळेच्या पुस्तकांत तोच आहे. पहिल्या वेळी ‘विकर म्हणजे एन्झाइम’ एवढं लिहा. अमायआर, क्रीए यांचं मात्र भाषांतर करू नका.